कूमने दिलेलं पिंप

वुकोसावाचा फोन आला तेव्हा मी कोंबड्यांना दाणे टाकत होते. एरवी ती आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करते, मग हवेची, मग कामाचं बोलते. त्या मंगळवारी तिने काहीच विचारलं नाही.

"पेर्सा, कालव्याचं फाटक बंद करा. आत्ता लगेच. पाण्यात तांबं आलंय."

मी विचारलं, कुठलं तांबं, आणि किती वेळ बंद ठेवायचं. ती म्हणाली, तेच तर अजून कळत नाहीये, आणि फोन ठेवून दिला. मी दाण्याची पाटी तिथेच टाकली आणि ओब्रादला हाका मारत तळ्याकडे निघाले. कोंबड्यांची चंगळ झाली.

ओब्राद माझा नवरा. माणूस भला आहे, पण त्याच्याकडून काही करवून घ्यायचं तर आधी त्याला पोटभर ओरडू द्यावं लागतं. त्या दिवशी तो ओरडला नाही. फाटकाचं चाक त्याने गरगर फिरवलं, लोखंडी पत्रा खाली बसला आणि कालव्यातून येणारी धार थांबली. मग तो हिवाळी हौदांकडे बघत उभा राहिला आणि मला मात्र तिकडे बघवेना.

शरद ऋतूत मोठी तळी रिकामी करून आम्ही सगळे कार्प मासे या अरुंद हौदांत आणून ठेवतो. तिथे त्यांना खायला घालत नाही, फक्त वाहतं पाणी देतो, म्हणजे अंगाचा चिखलाचा वास जातो. एकाला एक खेटून असतात बिचारे. वाहतं पाणी थांबलं की त्यांचा श्वास कोंडतो. कडक थंडीत थोडा वेळ निभावतं, पण त्या दिवशी दक्षिणेचा उबदार वारा सुटला होता, बर्फ वितळत होता, आणि असल्या हवेत पाण्यातला प्राणवायू भराभरा संपतो. संध्याकाळपर्यंत टिकले असते, त्यापुढचं देवालाच माहीत.

आणि संत निकोलाचा दिवस पुढच्या आठवड्यात. गावातल्या निम्म्या घरांचा तो स्लावा, घराच्या संताचा सण. उपासाचा काळ, मटण-कोंबडी वर्ज्य, म्हणून ताटात मासाच लागतो. आमचाही सण त्याच दिवशी. वर्षभर आम्ही राबतो ते या एका आठवड्यासाठी. त्या हौदांतले मासे मेले असते तर पुढच्या वर्षी तळ्यात सोडायला पिल्लंही घेता आली नसती, आणि माझ्या सासऱ्याने हाताने खणलेलं हे तळं कोणा परक्याच्या हातात गेलं असतं. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

वुकोसावाचं कालवा साफ करायचं काम वरच्या अंगाला, जुन्या चामड्याच्या कारखान्यामागे चालतं. कारखाना बंद पडून जमाना झाला, पण त्याने सोडलेली घाण अजून तळाच्या काळ्या चिखलात बसून आहे: क्रोम, शिसं, तेल आणि आणखी काय काय. ड्रेजर तो चिखल ओढून पाइपातून काठावर आणतो. वाटेत त्यात एक चिकट औषध मिसळतात, त्याने घाणीचे गोळे होतात. मग तो चिखल कापडाच्या अवाढव्य पिशव्यांत भरतात. घरी दही फडक्यात बांधून टांगतो ना, तसंच. घाण आत राहते, पाणी बाहेर झिरपतं. ते पाणी कामावरच्या एका तळ्यात जमवून, तपासून परत कालव्यात सोडतात. पिशवीत राहिलेल्या गाळात सिमेंट आणि चुना कालवून त्याचा दगड करतात, म्हणजे विष पुन्हा पाण्यात उतरत नाही.

हे सगळं मला वुकोसावानेच समजावलं, आमच्या स्वयंपाकघरात बसून, माझ्याच फडक्यात माझंच दही ओतून. ती आमची कूमा, रक्ताची नसली तरी मानलेल्या नात्याची. तिच्या लग्नात ओब्राद कूम म्हणून, म्हणजे साक्षीदार म्हणून, तिच्या शेजारी उभा राहिला, तिच्या मुलाच्या बाप्तिस्म्यालाही त्यानेच बाळाला हातांवर धरलं. सख्ख्या भावाशी बिनसलं तर लोक काही वर्षं अबोला धरतात आणि मग कोणाच्या तरी मयतीत पुन्हा बोलू लागतात. कूमशी बिनसलं तर सगळं गाव त्या घरावरून मान वळवून जातं. म्हणून कालवा साफ करायचं निघालं आणि सगळे मासेवाले विरोधात उभे राहिले, तेव्हा ओब्राद एकटा उठून म्हणाला की माझी कूमा करतेय तर ते नीटच होणार. माझ्या नवऱ्याने आयुष्यात इतकं मुद्देसूद भाषण दुसरं केलेलं नाही.

त्या मंगळवारी मात्र तो दुपारपर्यंतच फिरला. हौदाच्या कडेला मासे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले होते. त्याने वुकोसावाला फोन लावला. ती म्हणाली, ड्रेजर थांबवलाय, पाणी सोडणं सकाळीच बंद केलंय, पण पिशव्या झिरपायच्या थांबत नाहीत, पाणी जमवायचं तळं भरत चाललंय, वर हा वितळलेला बर्फ. तांबं कुठून आलं याचा पत्ता नाही. बाकी तपासण्या जागेवरच होतात, पण धातूंचे नमुने शहरात जातात आणि निकाल दुसऱ्या दिवशी येतो, त्यामुळे सोमवारचं पाणी आधीच कालव्यात गेलेलं होतं. ते हळूहळू आमच्याकडे सरकत होतं. तिच्या मते या पट्ट्यातल्या चिखलातच तांबं असावं आणि औषध ते धरत नसावं.

"म्हणजे उद्याही येणार," ओब्राद म्हणाला.

"दिसतंय तसंच," ती म्हणाली.

"आणि परवाही."

त्याने फोन खिशात टाकला आणि गाडीकडे गेला. मला म्हणाला की प्रांताचा निरीक्षक आलाय, त्याच्यासमोर जाऊन मी लेखी देतो, हे काम कायमचं बंद करा म्हणून. आणि तिथून परत आलो की फाटक उघडतो. तांबं आज आहे तसं उद्याही राहणार असेल, तर मी मासे गुदमरून का मारू? वाहत्या पाण्यात निदान काही तरी जगतील.

मी म्हटलं, ती तुझी कूमा आहे.

"आणि हे माझ्या बापाचं तळं आहे," तो म्हणाला आणि निघून गेला.

त्याचं चुकत होतं असंही मला म्हणता येईना. वुकोसावाने मागे एकदा सांगितलं होतं की काम अर्धवट थांबलं तर तळाचा खरवडलेला चिखल मोकळाच पडून राहील आणि वसंतातल्या पहिल्या लोंढ्याबरोबर सरळ आमच्या फाटकावर येईल. म्हणजे काम चालू राहिलं तरी मरण, बंद पडलं तरी मरण. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, पण कोणावर यावा ते कळत नव्हतं.

शेजाऱ्याकडून हवा सोडायचा छोटा पंप मागून आणला. त्याची वायर हौदापर्यंत पोचेना. आमची लांब वायर कोठीत होती, म्हणून मी कोठीत शिरले.

कोठीत कोबी खारवायची आमची दोन निळी पिंपं असतात. यंदा कोबी कमी आला म्हणून एकच भरलं. दुसरं कोपऱ्यात पालथं पडलं होतं आणि त्यावर माझी तपकिरी कोंबडी ऐटीत बसली होती. मी तिला हुसकावलं, मागच्या खिळ्यावरची वायर काढली आणि दारापर्यंत आले. मग परत वळून त्या पिंपाकडे बघितलं.

ते पिंप तिथे असायला नको होतं.

रविवारी रात्रीच्या जेवणाला ओब्राद फार खुशीत होता. त्याने सांगितलं की शनिवारच्या कडाक्याच्या थंडीत वुकोसावाची औषध कालवायची टाकी तडकली. नवी यायला वेळ लागणार, आणि बर्फ धरायच्या आत हा पट्टा उरकायचाय, म्हणून ती डोक्याला हात लावून बसली होती. तर त्याने आपलं कोबीचं रिकामं पिंप नेऊन दिलं. तिथला कामगार मिहाल पाण्याची नळी घेऊन ते विसळायला लागला, तेव्हा ओब्रादने त्याला टोमणा मारला: "काय रे, कूमच्या घरची वस्तू धुऊन घेतोस? आम्ही काय गटारातून आलो?" सगळे हसले. वुकोसावाने मिहालला खूण केली, राहू दे म्हणून. कूमने दिलेल्या वस्तूत कोणी वाकून बघत नाही, वास घेत नाही. तसं करणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखंच. ओब्राद हे सांगताना सूप भुरकत होता आणि मीही हसले होते.

कोबीचं पिंप इथे होतं. मग त्याने दिलं कुठलं?

आमच्याकडे तसलंच तिसरं एक पिंप होतं, द्राक्षबागेतल्या झोपडीत. त्यात दर वसंतात आम्ही मोरचूद भिजवतो, मग चुना घालून वेलींवर फवारतो. वर्षानुवर्षं त्याच पिंपात. तळाला त्याची निळी खपली जमलेली असते, मीच काठीने खरवडते ती. मोरचूद म्हणजे दुसरं काय, तांबंच की.

वायर पंपाला जोडून, पंप पाण्यात सोडून मी सायकल काढली. वाटेवर चिखल, समोरून वारा, आणि माझे गुडघे. पण रस्ताभर मला फक्त ओब्रादचं तोंड दिसत होतं. मी काय बोलणार होते ते मलाही ठाऊक नव्हतं. गप्प राहिले असते तर कोणाला कळलंही नसतं. काम बंद पडलं असतं, नाव वुकोसावाचं गेलं असतं, आणि माझ्या नवऱ्याने फाटक उघडून आपल्याच पिंपातलं विष आपल्याच माशांवर घेतलं असतं. बोलले असते तर ज्या माणसाबरोबर मला रोज एका ताटात जेवायचंय त्याला मी परक्या माणसासमोर उघडा पाडणार होते.

कामावरच्या पत्र्याच्या खोलीत सगळे होते. निरीक्षक काल्मान टेबलाशी, कोट न काढता. वुकोसावा उभी, चेहरा राखेसारखा. मिहाल खिडकीपाशी. आणि ओब्राद बोलत होता. मी आत गेले तरी थांबला नाही. म्हणत होता, कूमा आहे म्हणून आजवर गप्प बसलो, पण माणसाने किती सहन करायचं. काल्मान मध्येच शांतपणे म्हणाला की कारण सापडलं नाही तर त्याला काम थांबवावंच लागेल, वसंतापर्यंत तरी. नियमच आहे.

"ओब्राद," मी म्हटलं, "जरा बाहेर ये."

"इथेच बोल. लपवण्यासारखं काही नाही."

"बरं. रविवारी पिंप कुठलं दिलंस?"

"कोबीचं. सांगितलं होतं ना तुला."

"कोबीचं पिंप घरी आहे. त्यावर कोंबडी बसलीय."

खोलीत कोणाला काही कळलं नाही. ओब्रादला कळलं. त्याच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढली आणि मग सगळी उतरली. मी नजर काढली नाही.

"तू सांगतोस, की मी सांगू?"

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. मग वुकोसावाकडे न बघता म्हणाला, "बागेतलं दिलं. वाटेवरच होतं. घरी परत कोण जाणार म्हटलं. पिंपाला पिंप."

"काय होतं त्यात?" वुकोसावाने विचारलं.

"काही नाही. तळाला थोडं वाळलेलं."

"कूम, काय वाळलेलं?"

"मोरचूद."

मिहालने खिडकीतून बाहेर ठेवलेल्या त्या पिंपाकडे बघितलं आणि काहीतरी पुटपुटला, बहुधा शिवीच. वुकोसावा खुर्चीवर बसली. मला वाटलं आता ती फुटणार, आणि तिने फुटावं असंही वाटलं. ती म्हणाली, "किती जाड थर होता?" ओब्रादने दोन बोटं आडवी धरून दाखवली. तिने डोळे मिटून मनातल्या मनात हिशेब केला, मग बाहेर जाऊन पिंप आडवं केलं, आत हात घालून बघितलं. तळ स्वच्छ होता. निळा कणही उरला नव्हता.

"सगळं गेलं," ती परत येऊन म्हणाली. "रविवारी आणि सोमवारी मिळून. म्हणजे चिखलात तांबं नाहीच. आलं ते आलं, आता आणखी येणार नाही." मग ती काल्मानकडे वळली. "साहेब, ते पिंप न धुता मी वापरलं. मिहाल धुवायला निघाला होता, मी थांबवलं. माझ्या नावावर लिहा."

ओब्रादने तोंड उघडलं.

"तू गप्प बस," ती त्याला म्हणाली. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी अशी कधी बोलली नव्हती.

काल्मानने लिहिलं की नाही ते मी बघितलं नाही. पण त्याने आधी कोट काढला आणि वरच्या बंधाऱ्याला फोन लावला. इतका वेळ तो पाणी सोडायला तयार नव्हता, कारण मागून विष येतच राहणार असेल तर जास्त पाणी सोडून ते फक्त लवकर आमच्यापर्यंत पोचलं असतं. आता मागे स्वच्छ पाणी होतं. ते ढकललं की तांब्याचा पट्टा आमच्या फाटकापुढून निघून जाणार, वाटेत पातळ होणार. बंधाऱ्यावरचा माणूस आढेवेढे घेत होता, काल्मानने त्याला दोन शब्दांत सरळ केलं. वुकोसावाने मिहालला गाळासाठी आणलेला चुना त्या साठवणीच्या तळ्यात टाकायला लावला, म्हणजे तिथे साठलेलं तांबं तळाला बसेल, आणि तळं तुडुंब होऊ नये म्हणून वरचं पाणी परत एका रिकाम्या पिशवीत घ्यायला सांगितलं. मोरचुदावर चुना पडला की काय होतं हे आमच्याकडे द्राक्षं लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ओब्राद न सांगता पोती खांद्यावर घ्यायला लागला. कोणी त्याला घे म्हटलं नाही आणि कोणी नकोही म्हटलं नाही.

आम्ही घरी परतलो तेव्हा दिवस कलला होता. गाडीत मागे माझी सायकल खडखडत होती. हौदावर गेलो तर सगळं पाणी तोंडांनी भरलेलं. मासे वर येऊन हवा गिळत होते, चपचप आवाज येत होता. शेजाऱ्याचा पंप आपल्या परीने बुडबुडे सोडत होता. कडेला दोन-तीन पांढरी पोटं वर आलेली.

वुकोसावा काल्मानच्या गाडीतून आमच्यामागोमाग आली आणि फाटकाबाहेर कालव्याच्या काठावर उतरली. काल्मानकडे तांब्यासाठीच्या कागदी पट्ट्या होत्या. तिच्या कामावर त्या नव्हत्या, कारण या कालव्यात तांबं असायचं कारणच नव्हतं. तिने पट्टी पाण्यात बुडवून वर धरली. ती जांभळी झाली, म्हणजे तांबं होतं.

"अजून नाही," ती ओरडली.

ओब्राद फाटकाच्या चाकाला दोन्ही हातांनी धरून उभा होता. कालव्याचं पाणी आता दिसेल इतकं वाहायला लागलं होतं, काड्या आणि बर्फाचे तुकडे घेऊन. मागे हौदात आणखी एक पोट वर आलं. मग आणखी एक, मोठं, आमच्या सणासाठी राखलेल्यांपैकी.

पुन्हा पट्टी. "अजून नाही."

त्याचे हात चाकावर आवळले. मी त्याच्या शेजारीच होते. मला माहीत होतं, त्याने मनात आणलं तर मी काही त्याला अडवू शकणार नव्हते. दुपारी तो म्हणाला होता ना, वाहत्या पाण्यात निदान काही तरी जगतील. आताही तेच म्हणायला त्याला मुभा होती. मासे त्याचे होते. आणि मला खरं सांगायचं तर त्या क्षणी मीही म्हटलं असतं, उघड बाबा, काय व्हायचं ते होऊ दे. ती चपचप ऐकवत नव्हती.

"कूमा," तो ओरडला, "माझे मरतायत."

"दिसतंय मला," ती म्हणाली. "अजून नाही, कूम."

ओब्रादने चाकावरचे हात काढले. काढले आणि दोन्ही काखांत दाबून धरले, पोरं थंडीत धरतात तसे, आणि हौदाकडे पाठ करून उभा राहिला. त्याच्या पाठीमागे मासे मरत होते आणि तो फक्त तिच्या हातातल्या कागदाकडे बघत होता. मी त्याच्याशी लग्न केलं याचं मला फार वेळा बरं वाटलेलं नाही, पण तेव्हा वाटलं.

पट्टी पुन्हा जांभळी आली, मग फिकट. मग काल्मानने आपल्या गाडीचे दिवे लावून कागद उजेडात धरला आणि दोघांनी मिळून बराच वेळ बघितला. वुकोसावाने दुसरी पट्टी बुडवली. खात्रीसाठी तिसरी.

"उघड."

चाक गरगरलं. पाणी आत घुसलं तेव्हा आधी काहीच झालं नाही. मग धारेजवळचे मासे एकेक करून खाली गेले, आणि मग ती सगळी तोंडं पाण्याखाली नाहीशी झाली. ओब्राद काठावर उकिडवा बसला आणि हुंदके देऊन रडला. वुकोसावा त्याच्याजवळ आली नाही. काठावरच्या वापरलेल्या पट्ट्या गोळा करून ती काल्मानच्या गाडीत बसली आणि दोघं गेली.

एका हौदातले बरेच मासे गेले, दुसऱ्यातले जवळजवळ सगळे वाचले. पुरून उरले असं नाही, पण पिल्लं घेण्यापुरते नक्की. वुकोसावाने मेलेले आणि जिवंत दोन्ही शहरात पाठवले. निकाल येईपर्यंत ओब्रादने एकही मासा विकला नाही. गिऱ्हाइकं दारात येऊन बोलून गेली, आणि तो प्रत्येकाला काय झालं ते सांगत होता, स्वतःच्या तोंडाने, पिंपासकट. निकाल चांगला आला, तेव्हा कुठे पाट्या भरायला लागल्या. तिकडे नवी टाकी आली, पिशव्या पुन्हा भरू लागल्या. ओब्राद आणि वुकोसावा मात्र बोलले नव्हते.

आमच्याकडे स्लाव्याला कोणाला बोलवत नाहीत. ज्याला यायचं तो येतो. निकोलाच्या दिवशी सकाळपासून मी दारावरच्या प्रत्येक आवाजाला बघत होते. मेणबत्ती लावली, रोटी कापली, गव्हाचा प्रसाद वाटला, माणसं येत होती, फळांच्या दारूचे, रकियाचे पेले भरत होते, आणि कूमाची खुर्ची रिकामी. ओब्राद त्या खुर्चीकडे न बघता तिच्याभोवतीनं फिरत होता.

जेवणं सुरू झाल्यावर ती आली. नवरा आणि मुलगा बरोबर. "देव तुमचा सण आनंदात ठेवो," असं म्हणून तिने आमची तीनदा गालभेट घेतली, ओब्रादचीही, आणि आपल्या खुर्चीवर बसली. मिहालसुद्धा येऊन कोपऱ्यात बसला होता, तो चमच्याकडे बघत होता.

ओब्रादने स्वयंपाकघरातून स्वतः ताट आणलं. भाजलेला कार्प, मधला जाड तुकडा. ते त्याने तिच्यासमोर ठेवलं.

"कूमा," तो म्हणाला, "आधी बघून घे."

कूमच्या घरी, सणाच्या दिवशी, मेणबत्ती जळत असताना ताटाची तपासणी करणं, हे आमच्या गावात कोणी कधी केलेलं नाही. वुकोसावाने त्याच्याकडे बघितलं. मग तिने ताट दोन्ही हातांनी उचललं, डोळ्यांसमोर धरलं, खालून बघितलं. मासा नाकाजवळ नेऊन सावकाश वास घेतला. काट्याने कातडी उचलून आत बघितलं. इतकं गंभीरपणे, की तिच्या मुलालाही हसू फुटलं नाही.

"धुतलेला आहे," ती म्हणाली आणि खायला लागली.

ओब्राद तसाच उभा होता. मी त्याला कोपराने ढोसलं, तेव्हा तो हलला आणि तिच्यासाठी दुसरा तुकडा आणायला आत गेला.